मिस्त्रींचा टेप

आमच्या शेडमध्ये सगळ्यात जास्त शिव्या कुणी खाल्ल्या असतील तर त्या मिस्त्रींच्या टेपने. आणि सगळ्यात जास्त उसना गेला तोही तोच. शिरूरहून न्हावऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला पत्र्याची शेड, बारा माणसं, चार वेल्डिंग मशिनं, दोन गॅस कटर, ग्राइंडर मोजायचे नाहीत इतके. आणि भरवशाचा टेप एक. दिवसातून शंभरदा कुणीतरी ओरडायचं, ‘मिस्त्री, टेप द्या की जरा.’ मिस्त्री द्यायचे, पण हात पुढे केलेला तसाच ठेवून. टेप परत हातावर पडेपर्यंत तो हात खाली यायचा नाही.

पाच मीटरचा, पिवळा, पाठीला क्लिप. ती क्लिप मिस्त्रींच्या उजव्या खिशाला अडकलेली असायची आणि तिथं कापडाला भोक पडलेलं असायचं. पँट बदलली तरी भोक त्याच जागी. डबीचा एक कोपरा कधीतरी ठिणगीने वितळून कानाच्या पाळीसारखा लोंबत होता. पट्टी बाहेर काढताना ‘सर्रर्र’ आणि आत जाताना ‘खट्ट’. आत जाताना तो बोट धरायचा. नवीन हेल्परची पहिली ओळख टेपशी व्हायची ती अशी, करंगळीवर रक्ताचा थेंब येऊन.

त्याचे सुरुवातीचे आकडे पुसून गेले होते. पहिले दहा-बारा सेंटिमीटर म्हणजे नुसती पांढरीफटक पट्टी, पुढं मात्र सगळं लख्ख. म्हातारा माणूस सकाळी काय जेवला ते विसरतो आणि बहात्तरच्या दुष्काळातल्या सुकडीची चव सांगतो, तशातली गत. ४७० विचारा, ठणठणीत. ४ विचारा, गप्प.

डबीवर एक लहानसं अंडाकृती वर्तुळ होतं आणि त्यात दोन उभ्या रेघा. मला वाटायचं, कंपनीचं चिन्ह असेल. फार पुढं कळलं की तो त्याचा दर्जा आहे. दोन रेघांचा, म्हणजे दुसऱ्या वर्गाचा टेप पाच मीटरला १.३ मिलिमीटर इकडं किंवा तिकडं चुकू शकतो आणि तरीही तो कायद्याने बरोबरच असतो. म्हणजे दोन शहाणेसुरते, शिक्क्याचे टेप एकाच पत्र्यावर धरले, तर त्यांच्यात अडीच मिलिमीटरचं भांडण होऊ शकतं आणि दोघंही निर्दोष सुटतात. एका रेघेचा, म्हणजे पहिल्या वर्गाचा असेल तर त्याला पाच मीटरला फक्त ०.६ ची सूट. आम्ही दुकानात जाऊन टेप मागायचो तेव्हा एवढंच विचारायचो, ‘पट्टी दुमडत नाही ना लवकर?’

या टेपचा एक गुन्हा मी केलाय, तो आधी कबूल करतो.

टेपच्या टोकाला हुक असतो, काठाला अडकवायचा. मिस्त्रींच्या टेपचा हुक डुगडुगायचा. मी शेडवर नवीन, आयटीआयचा निकाल लागायचा होता, अंगात उत्साह. वाटलं, एवढा कामाचा टेप आणि हुक ढिला! दुपारी सगळे जेवायला बसलेले असताना मी तो ऐरणीवर धरला, हुक आत दाबला आणि रिव्हेटवर हातोडीचे दोन ठोके टाकले. हुक घट्ट. काम चोख झालं म्हणून मीच खूश.

तीन दिवसांनी मिस्त्री शांतपणे म्हणाले, ‘टेपला कुणी मारलं रं?’

कारण तीन दिवसांत हुक अडकवून कापलेला प्रत्येक तुकडा एक मिलिमीटर आखूड निघत होता. हुक ढिला असतो तो झिजून नव्हे. तो ढिलाच बनवतात. हुकाची जाडी जेवढी, तेवढंच त्याने पुढेमागे सरकायचं. काठाला अडकवून ओढला की तो आपल्या जाडीएवढा बाहेर येतो, भिंतीला टेकवून दाबला की तेवढाच आत जातो. दोन्ही वेळा शून्य जिथं असायला हवं तिथंच राहतं. मी त्याचा सांधा गोठवला होता. मिस्त्री ओरडले नाहीत. त्यांनी रिव्हेट पुन्हा सैल केला, हुक बोटाने दोनदा हलवून पाहिला आणि म्हणाले, ‘जे हलतंय ते मोडलंय असं समजत जाऊ नको.’

पण रिव्हेटला एकदा मार बसला तो बसला. त्या दिवसापासून मिस्त्रींनी हुकावरचा विश्वास काढून घेतला आणि शेडमध्ये ‘शंभर सोडून’ सुरू झालं. फॅब्रिकेशनच्या कुठल्याही शेडमध्ये जा, ही पद्धत दिसेल. हुक वापरायचाच नाही. पत्र्याच्या काठावर १०० चा आकडा धरायचा आणि सहाशे हवे असतील तर सातशेवर खडू मारायचा. पुसलेल्या आकड्यांचाही प्रश्न मिटला. पद्धत चांगली, पण तिला एकच दुखणं: शंभर सोडणं लक्षात राहतं, ते परत मिळवणं एखाद्या वेळी राहून जातं. आणि चूक होते ती पुरती शंभराची. दोन मिलिमीटरची चूक माणूस घासून, ठोकून, वेल्डिंग भरून झाकतो. शंभर मिलिमीटर कशाने झाकणार?

शिवाय टेपला दोन भाषा येत होत्या. वरच्या काठाला इंच, खालच्या काठाला मिलिमीटर. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये यायचं आणि मिस्त्रींचं तोंड सुतात बोलायचं. एका इंचाला आठ सूत. ‘एक सूत कमी कर’ म्हटलं की आम्ही पोरं तीन मिलिमीटर कमी करायचो. खरं सूत ३.१७५ चं. एका तुकड्यात काही कळत नाही. आठ तुकडे एकापुढे एक लावले की जवळपास दीड मिलिमीटर कुठून आला ते कुणाला सांगता येत नाही. टेप दोन्ही भाषा अचूक बोलायचा. दुभाषे आम्ही कच्चे होतो.

आता बोटीची गोष्ट.

शिरूर-दौंडकडे समुद्र नाही. इथून तो दीडेकशे किलोमीटर दूर, मध्ये अख्खा सह्याद्री. पण भीमा आहे. न्हावऱ्याच्या पुढं पारगावचा पूल ओलांडला की शिरूर तालुका संपून दौंड लागतो आणि दौंडच्या खाली उजनीचं पाणी फुगत जातं. त्या पाण्यावर माणसं आणि मोटरसायकली या काठावरून त्या काठाला नेणाऱ्या पत्र्याच्या बोटी चालतात. अशाच एका बोटीचं काम आमच्याकडे आलं. दहा मीटर लांब, तीन मीटर रुंद, सपाट तळ. पावसाळ्याच्या आत हवी. आमच्या शेडमध्ये दहा मीटर अखंड काही मावत नव्हतं आणि हातात दुसरी कामंही होती. मिस्त्री मूळचे दौंडचे, वडील तिथल्या लोकोशेडमध्ये होते. मावसभावाची दौंडला लहानशी शेड. ठरलं असं की पुढचा अर्धा भाग आम्ही शिरूरला करायचा, मागचा अर्धा त्यांनी दौंडला. दोन ट्रॉल्या नदीकाठी न्यायच्या, तिथं तोंडाला तोंड लावून वेल्डिंग मारायचं, की झाली बोट. ड्रॉइंग एकच. त्याच्या दोन झेरॉक्स.

त्या वेळी आम्हाला ठाऊक नव्हतं, पण मोठमोठी जहाजंही अशीच बांधतात. १९७२ साली माझगाव डॉकने बांधलेली निलगिरी नौदलात दाखल झाली, आपल्या देशात बांधलेलं पहिलं फ्रिगेट. तिच्याच नावाची नवी निलगिरी १५ जानेवारी २०२५ ला मुंबईत दाखल झाली. नव्या निलगिरीच्या वेळी माझगावात ब्लॉकची पद्धत मुरलेली होती: जहाजाचे मोठाले तुकडे वेगवेगळे तयार करायचे, त्यांच्या पोटात पाइप आणि बाकी सामान आधीच बसवायचं आणि मग क्रेनने उचलून एकाला एक जोडायचे. ब्लॉक शेकडो टनांचा असो की आमच्यासारखा ट्रॉलीत मावणारा, जोडावर प्रश्न एकच येतो. हे तोंड त्या तोंडाला बसतं का?

आमचं बसलं नाही.

मे महिना होता. पाणी मागं हटलेलं, काठाच्या काळ्या गाळाला हात जाईल एवढ्या भेगा. ट्रॉलीवर जनरेटर. बोटीचा मालक नारळ घेऊन आलेला. दोन्ही अर्धी जॅकवर घेतली, पुढं सरकवली. डाव्या बाजूला पत्र्याला पत्रा टेकला आणि उजव्या बाजूला अकरा मिलिमीटरची फट राहिली. हाताचं बोट घालता येईल एवढी. मिस्त्री फट बघत होते तेवढ्यात मी तळाशी वाकून पाहिलं. तळाला ताकद यावी म्हणून लांबीच्या दिशेने चार अँगल टाकायचे होते, काठापासून ६००, १२००, १८००, २४०० वर. आमचे तसेच होते. दौंडच्या अर्ध्यातले चारही अँगल शंभरने सरकलेले: ५००, ११००, १७००, २३००. एका हेल्परने शंभर सोडले होते आणि परत घ्यायचे विसरला होता. चारही वेळा. त्याच्या कामात सातत्य होतं, एवढं म्हणायला हवं.

मालकाने नारळ पिशवीत परत ठेवला.

चारही अँगल गॅसने कापून काढले, पत्रा तापून वाकला, तो ठोकून सरळ केला, जुन्या वेल्डिंगची टेंगळं ग्राइंडरने घासली, अँगल नव्या जागी लावले. घासण्याचा तो आवाज नदीच्या दोन्ही काठांना ऐकू जात होता. अकरा मिलिमीटरची फट भरायला वेल्डिंगवर वेल्डिंग चढवत गेलो, तर तेवढ्या उष्णतेने जोडच ओढला जाऊन तळ पोटात गेला. मग तोही कापला आणि पट्टी घातली. मोठ्या गोद्यांमध्ये फट फारच मोठी असेल तर वेल्डिंगने भरू देत नाहीत; काठ कापून किमान तीनशे मिलिमीटर रुंदीचा पत्र्याचा तुकडा मध्ये घालायला लावतात. तेव्हा माहीत असतं तर एक रात्र वाचली असती. दोन दिवसांचं काम सहा दिवस चाललं. चौथ्या दिवशी मालक झाडाखालून म्हणाला, ‘मिस्त्री, बोट बांधताय का पाडताय?’

जहाजबांधणीत एक जुना ठोकताळा आहे. जे काम शॉपमध्ये एका तासात होतं त्याला ब्लॉकवर तीन तास लागतात आणि जहाज पाण्यात गेल्यावर आठ. आम्ही तर अजून काठावरच होतो, आणि डिझेलचा डबा डोक्यावरून आणत होतो.

सहाव्या दिवशी संध्याकाळी मिस्त्रींनी दोन्ही टेप मागवले, आपला आणि मावसभावाचा. एका सरळ अँगलवर शेजारी शेजारी पसरले. तीन मीटरला दोघांत दोन मिलिमीटरचा फरक. मावसभाऊ म्हणाला, ‘माझा नवा आहे.’ मिस्त्री म्हणाले, ‘माझा जुना आहे.’ या दोन वाक्यांत दोघांनीही आपापला टेप खरा ठरवला होता आणि तो कशावरून खरा याचं उत्तर दोघांकडेही नव्हतं.

पण अकरातले दोनच टेपचे. बाकीचे नऊ कुणाचे?

मला वाटतं, मिस्त्रींचं मोठेपण या प्रश्नात आहे. दुसरा कुणी असता तर त्या हेल्परच्या कानाखाली वाजवून मोकळा झाला असता. शेडमध्ये दोष शोधण्याची रीत साधारण तीच: ज्याच्या हातून झालं तो दोषी, त्याची हजेरी कापा, विषय बंद. मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी किराणा दुकानातून दोनशे पानी वही आणली.

वहीत रकाने पाडले. तारीख. मापाची वेळ. वेल्डिंगआधीचं माप. वेल्डिंगनंतरचं माप. दोन्ही कर्ण. कोणता टेप. आणि शेवटी, कोणी मोजलं.

कर्णांचा रकाना पहिल्याच आठवड्यात बोलला. चौकोनाच्या चारही बाजू बरोबर असूनही तो तिरपा असू शकतो. गुण्या लहान, पत्रा मोठा, गुण्याला ते कळत नाही. टेप कोपऱ्यातून कोपऱ्यात ताणून दोन्ही कर्ण सारखे आले तरच चौकोन खरा. आम्ही कर्ण कधी मोजलेच नव्हते. आमचा वेल्डर एका बाजूने सुरू करून दुसऱ्या बाजूपर्यंत सलग वेल्डिंग मारत जायचा. गरम झालेलं लोखंड थंड होताना ओढलं जायचं आणि अख्खा पत्रा त्या बाजूला झुकायचा. फटीतला मोठा वाटा त्याचा.

वेळेच्या रकान्याने दुसरं सांगितलं. उन्हात पडलेला पत्रा आणि खिशातला टेप यांचं तापमान एक नसतं. मे महिन्यात दुपारी पत्र्याला हात लावून बघा. तो टेपपेक्षा पंचवीस अंशांनी जास्त तापला असेल तर बारा मीटरला साडेतीन मिलिमीटरने लांब भरतो. सकाळी सातला तोच पत्रा शहाण्यासारखा आपल्या लांबीत असतो. दोघंही लोखंडाचे, एकत्र तापले असते तर एकत्र वाढले असते आणि काही बिघडलं नसतं. वाद होतो तो एक उन्हात आणि एक सावलीत राहिल्याने. तेव्हापासून मोठी मापं सकाळी चहाच्या आधी घ्यायची असं ठरलं.

शेवटच्या रकान्याने मात्र घोटाळा केला. तीन आठवड्यांनी मिस्त्रींच्या लक्षात आलं की वहीतली सगळी मापं फार गोड यायला लागलीत. ३०००, ३०००, ३००१, ३०००. लोखंड इतकं आज्ञाधारक नसतं. पोरं टेप बघून लिहीत नव्हती, ड्रॉइंग बघून लिहीत होती, कारण पुढे स्वतःचं नाव लिहायचं होतं. मिस्त्रींनी निळ्या पेनाने तो रकाना वरपासून खालपर्यंत खोडला. पुढच्या पानापासून ‘कोणी’ हा रकाना नाही. आणि पुढच्या पानापासून मापं पुन्हा ओबडधोबड व्हायला लागली: २९९६, ३००२, २९९७. मिस्त्री खूश. शेडमध्ये मापं चुकल्यावर खूश झालेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

डेमिंग नावाच्या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाने चौदा मुद्दे मांडले, त्यांतला आठवा हाच: कामाच्या जागेवरची भीती घालवा. त्याच डेमिंगने १९५० च्या उन्हाळ्यात जपानमधल्या इंजिनिअरांना आणि कारखानदारांना मापांतला फरक कसा वाचायचा ते शिकवलं. पुढच्याच वर्षी, १९५१ ला, एका अमेरिकी कंपनीने कुरे इथली जपानी नौदलाची जुनी गोदी भाड्याने घेतली. यामाटो ही महाकाय युद्धनौका बांधली गेली ती हीच गोदी. तिथं आणि नंतर इतर जपानी गोद्यांत ब्लॉक जोडण्याची कला वाढत गेली आणि तिच्या पोटात मापांचा हिशेब होता. आपल्याकडेही हे वारं यायला उशीर झाला नव्हता. या शास्त्राचा मूळ पुरुष शूहार्ट १९४७-४८ मध्ये महालनोबिसांच्या कोलकात्यातल्या संख्याशास्त्र संस्थेच्या निमंत्रणावरून भारतात येऊन गेला होता. कोलकात्याहून शिरूरच्या शेडपर्यंत यायला त्या वाऱ्याला मध्ये एक दोनशे पानी वही लागली, इतकंच.

जपानी गोद्यांनी मोडून काढलेली जुनी सवय सगळ्या जगाची होती, आमचीही होती. तिचं नाव ‘वाढीव’. ब्लॉक कापताना काठाला पन्नासेक मिलिमीटर जास्तीचे ठेवायचे. जोडायच्या वेळी समोरचं तोंड बघून जादा भाग कापून टाकायचा. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. खेड्यात आजी पोराचा सदरा शिवताना दोन बोटं आत दुमडून ठेवते तसंच. पण प्रत्येक वाढीव तुकडा म्हणजे जोडावर एक जास्तीचं मार्किंग, एक जास्तीचं कटिंग, एक घासणं. आणि तेही शॉपमध्ये टेबलावर नव्हे, तर क्रेनला लटकलेल्या ब्लॉकखाली मान वाकडी करून. माझं मत कडवट वाटेल, पण वाढीव ठेवणारी शेड एक कबुली देत असते: माझं वेल्डिंग किती ओढतं हे मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही.

आम्ही माहीत करून घेतलं. वहीत वेल्डिंगआधीचं आणि नंतरचं माप असं शेजारी शेजारी होतंच. पाच मीटरच्या बाजूच्या पत्र्याला आतून पट्ट्या लावल्या की तो दर वेळी आखूड व्हायचा. कधी तीन मिलिमीटर, कधी पाच, बहुतेकदा चारच्या आसपास. मग मिस्त्री म्हणाले, ‘चार जातातच ना? मग आधीच चार जास्त कापू.’ पाच हजार चार. पन्नास नव्हे, चार. ओढ आधीच देऊन टाकायची. उरतो तो तीन ते पाचमधला खेळ. तो कापून कमी करता येत नाही. त्यासाठी वेल्डिंगचा क्रम एकसारखा ठेवावा लागतो, मध्यापासून दोन्हीकडे, एक टाका इकडे तर एक तिकडे, आणि करंट रोज तोच. वेल्डर आधी कुरकुरला. नंतर ग्राइंडरवाल्या पोराने त्याची बाजू सोडली, कारण घासायचं काम त्याचं वाचत होतं.

टेप या सगळ्यात कुठं होता? पूर्वी टेप शेवटी यायचा. काम झालं की तपासायला, आणि तो आला की सगळ्यांचे चेहरे पडायचे, जसा एसटीत तिकीट चेकर चढावा. आता तो आधी यायला लागला, मध्येही यायला लागला. वेल्डिंगआधी, वेल्डिंगनंतर, सकाळी, कोपऱ्यातून कोपऱ्यात. त्याला पाहून कुणी दचकेनासं झालं.

पण ‘कोणता टेप’ हा रकाना अजून होता आणि त्याचा निवाडा बाकी होता. मिस्त्रींनी पुण्याला जाऊन एका रेघेच्या वर्गाचा टेप आणला, तपासणीच्या दाखल्यासकट. तो रांजणगावच्या महागणपतीच्या फोटोखालच्या कपाटात राहिला. त्याने काम करायचं नाही. दर सोमवारी बाकीच्या टेपांनी त्याच्यासमोर येऊन उभं राहायचं. एक मीटरला किती, तीन मीटरला किती, पाचला किती, हे वहीत. दोन मिलिमीटरच्या पलीकडे गेला तो शेडबाहेर.

मावसभावाचा नवा टेप पहिल्याच सोमवारी नापास झाला. नवेपणावर काही नसतं. मिस्त्रींचा जुना पास झाला, काठावर. पुढचे चार सोमवारही. मग पावसाळा लागला, पट्टीला एके ठिकाणी मोड आली, मोडीवर गंज चढला. मधल्या काळात दुसरी बोट आली. तीही दोन अर्ध्यांत, पण या वेळी दौंडच्या अर्ध्याची मापं मावसभाऊ रोज संध्याकाळी फोनवर सांगायचा आणि मिस्त्री ती वहीत लिहायचे. नदीकाठी दोन्ही तोंडं टेकवली तेव्हा फट दोन मिलिमीटरची, वेल्डिंगला हवी तेवढीच. अँगलला अँगल. मालक नारळ हातात धरून उभाच, त्याला वाटलं अजून वेळ आहे. ‘फोडा की,’ मिस्त्री म्हणाले.

हे सगळं किती लहान प्रमाणावरचं आहे याची मला कल्पना आहे. आमच्याच जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात, वालचंदनगरला नौदलाच्या जहाजांचे गिअरबॉक्स बनतात. तिथं मिलिमीटर ही फार ढोबळ गोष्ट. ज्यांच्या नावाचं ते गाव, त्या वालचंद हिराचंदांनी १९४१ साली विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना उभारायला घेतला आणि १९४८ च्या मार्चमध्ये तिथून जलउषा पाण्यात उतरली. सोलापूरकडच्या कोरड्या मुलखातला माणूस समुद्रावर जहाजं उतरवायला गेला, ही गोष्ट आमच्या शेडमध्ये कुणालाही नवलाची वाटत नाही. त्याहून मागं जायचं तर विजयदुर्गाजवळ वाघोटण खाडीच्या काठी कातळ खोदून केलेली मराठ्यांची गोदी आहे. मी ती बघायला गेलो होतो तेव्हा बराच वेळ तिच्या कातळाच्या काठावरून हात फिरवत होतो. तिथल्या सुतारांकडे दोरी असेल, ओळंबा असेल. त्यांची दोरी पावसात ओली झाली की आखडत असणार आणि ते तिला नक्की काहीतरी म्हणत असणार.

आता टेपचं शेवटचं सांगतो.

एका सोमवारी तो पाच मीटरला साडेतीनने चुकला. मोडलेल्या जागी पट्टी ताणली गेली होती. मिस्त्रींनी दोनदा मोजलं, मग मला मोजायला लावलं, मग वहीत लिहिलं. शेडमधला सगळ्यात लहान हेल्पर म्हणाला, ‘मिस्त्री, मला द्या ना घरी. आई गोठ्याला पत्रा टाकणार आहे.’

‘न्हाई द्यायचा,’ मिस्त्री म्हणाले. ‘तुझ्या घरी चुकला तर पत्रा तुझ्या आईला परत कापावा लागंल.’

त्यांनी पट्टी पूर्ण बाहेर ओढली. टेबलावर ती थोडी थरथरत पडली. मग पत्र्याची कात्री घेऊन त्यांनी ती तीन ठिकाणी तोडली आणि तुकडे भंगाराच्या ड्रममध्ये टाकले. रिकाम्या डबीतली स्प्रिंग सुटून टेबलभर झाली, ती पोरांनी गोळा केली. संध्याकाळी जाताना मिस्त्रींनी सवयीने उजव्या खिशाशी हात नेला आणि तसाच खाली सोडला.

हुक तेवढा मी मागून घेतला. माझ्या टेबलाच्या खणात आहे, दोन बोटं पट्टी आणि तो रिव्हेट, माझ्या हातोडीची खूण असलेला. तो अजून हलतो.